फिनिश–स्पॅनिश दुभाषी, तोही पेटंट-ट्रेडमार्क जाणणारा: कोल्हापुरात बसून कसा शोधायचा

शिरोलीच्या एखाद्या फौंड्रीचं कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, फिनलंडच्या मशीन कंपनीला जातं. ते मशीन स्पेनमध्ये विकलं जातं. मग एक दिवस तिथला डिस्ट्रिब्युटर म्हणतो, या भागाचं डिझाइन मुळात आमचं आहे. भांडण हेलसिंकी आणि बिलबाओचं. पण पॅटर्न (ज्यावरून साचा करतात तो लाकडी नमुना) आपल्या शॉपमध्ये, आणि पहिलं ड्रॉइंग कुणी कधी पाठवलं याचे मेल आपल्या कॉम्प्युटरवर. तडजोडीची बैठक ठरते. फिनिश इंजिनिअर सांगतो, तांत्रिक बोलणं मी माझ्याच भाषेत करणार. स्पॅनिश वकील सांगतो, मला स्पॅनिशमध्येच ऐकायचंय. आणि व्यवस्था कुणी करायची? जो दोघांशी बोलतो त्यानं, म्हणजे आपण. कारखानदार फोन करून म्हणतात, "फिनिशमधनं स्पॅनिशमध्ये सांगणारा एक माणूस असेल की ओ कुणीतरी, बघा जरा!"

शिरोली, गोकुळ शिरगावच्या निर्यातदारांचा परदेशी पत्रव्यवहार सांभाळणं हे माझं काम. त्या अनुभवावरून सांगतो: फिनिश, स्पॅनिश आणि बौद्धिक संपदेचा कायदा या तिन्हींत सारखाच तरबेज असलेला एकच माणूस शोधत बसलात तर महिना जाईल आणि हाती बहुधा काही लागणार नाही. काम नेमकं काय आहे ते आधी ठरवा, मग दोन भाषांचा चांगला दुभाषी घ्या आणि कायद्याची व तांत्रिक तयारी त्याच्याकडून करून घ्या. उलट क्रमानं गेलं की पैसे जातात.

आधी बघा, काम कुठल्या दारात आहे

दुभाषी बोललेलं बोलून सांगतो, भाषांतरकार लिहिलेलं लिहून देतो. आपल्याकडे दोघांनाही सरसकट "ट्रान्सलेटर" म्हणतात, आणि निम्मा घोळ तिथेच सुरू होतो. लायसन्स करार, पेटंटची प्रत, जुने मेल यांना भाषांतरकार लागतो. बैठक, साक्ष, सुनावणी, कारखान्याची पाहणी यांना दुभाषी. दोन्ही कामं उत्तम करणारे लोक असतात, पण गृहीत धरू नका.

त्यानंतर, बोलणं कुणापुढे होणार आहे ते पाहा. कारण बऱ्याचदा असं लक्षात येतं की फिनिश–स्पॅनिश जोडी लागतच नाही.

युरोपियन पेटंट ऑफिसमधली सुनावणी असेल तर तिथल्या भाषा तीनच: इंग्रजी, फ्रेंच, जर्मन. फिनलंड आणि स्पेन दोन्ही युरोपियन पेटंट कराराचे सदस्य असल्यामुळे पक्षकाराला आपल्या देशाच्या भाषेत बोलता येतं, मात्र कामकाजाच्या भाषेत दुभाषी पुरवायची जबाबदारी त्याची त्यानं घ्यायची. म्हणजे कामकाज इंग्रजीत असेल तर फिनिश माणसाला फिनिश–इंग्रजी दुभाषी हवा आणि स्पॅनिश माणसाला स्पॅनिश–इंग्रजी. हे दोघे वेगवेगळे शोधणं कितीतरी सोपं.

युरोपियन ट्रेडमार्क आणि डिझाइनचं ऑफिस स्पेनमध्येच, आलिकान्तेला आहे. पण त्याच्या कामाच्या भाषा पाच: इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, इटालियन, स्पॅनिश. अर्ज फिनिशमध्ये करता येतो, पण दुसरी भाषा या पाचातली द्यावी लागते, आणि दुसऱ्याच्या अर्जाला घेतलेल्या हरकतीचं कामकाज बहुतेक लेखीच चालतं. तिथे दुभाष्यापेक्षा चांगला भाषांतरकार लागेल. जाता जाता, आपल्या चप्पलवाल्यांसाठी: हस्तकला आणि औद्योगिक वस्तूंच्या भौगोलिक मानांकनाचे युरोपियन अर्ज १ डिसेंबर २०२५ पासून याच ऑफिसमध्ये सुरू झालेत. इटलीच्या प्राडानं आपल्यासारखीच चप्पल दाखवली त्या २०२५ च्या प्रकरणानंतर कोल्हापुरी चपलेबद्दल आपण पुष्कळ बोललो. आलिकान्तेचं हे दार कितीजणांना ठाऊक आहे कोण जाणे.

युनिफाइड पेटंट कोर्ट, म्हणजे अनेक युरोपियन देशांचं सामाईक पेटंट न्यायालय, १ जून २०२३ ला सुरू झालं. फिनलंड त्यात आहे, आणि हेलसिंकीच्या स्थानिक विभागात फिनिश, स्वीडिश, इंग्रजी या तिन्ही भाषा चालतात. स्पेन मात्र या व्यवस्थेत नाही. भाषांच्या मुद्द्यावरून स्पेननं युरोपियन न्यायालयात याचिका केल्या होत्या, त्या २०१५ मध्ये फेटाळल्या गेल्या, तरी स्पेन बाहेरच राहिला. म्हणून स्पेनमधला पेटंटचा दावा सहसा तिथल्या न्यायालयाच्या व्यापारी विभागात जातो, आणि फिनलंडमधला राष्ट्रीय पातळीवरचा बौद्धिक संपदेचा दिवाणी दावा हेलसिंकीच्या मार्केट कोर्टात. तिथे हे दावे २०१३ पासून एकत्र केलेले आहेत.

खरी फिनिश–स्पॅनिश गरज कुठे पडते? स्पॅनिश न्यायालयात फिनिश साक्षीदार उभा राहतो तेव्हा. मार्केट कोर्टात स्पॅनिश कारखान्याचा माणूस बोलतो तेव्हा. आणि सगळ्यात जास्त, कोर्टाबाहेरच्या मध्यस्थीत, लायसन्सच्या वाटाघाटीत आणि प्रत्यक्ष शॉप फ्लोअरवर. कोल्हापूरचा संबंध येतो तो मुख्यतः या शेवटच्या तीन ठिकाणी.

एक फरक वकिलाला आवर्जून विचारा: केस फौजदारी आहे की दिवाणी? फौजदारी खटल्यात आरोपीला दुभाषी मिळण्याचा हक्क युरोपियन संघाच्या २०१० च्या निर्देशानं दिलाय आणि खर्च सरकारचा. नकली मालाची पोलीस केस असेल तर तो लागू. पेटंट किंवा डिझाइनचा दिवाणी दावा असेल तर त्या निर्देशाचा आधार नाही. दुभाषी कोण आणणार, पैसे कोण देणार हे आधी लेखी ठरवून घ्यावं लागतं.

फिनिशच हवं का, हे न लाजता विचारा

फिनलंडच्या राष्ट्रभाषा दोन आहेत, फिनिश आणि स्वीडिश. किनारपट्टीच्या काही भागांत कंपनीचे मालक, इंजिनिअर घरी स्वीडिश बोलणारे असतात. असा माणूस निघाला तर स्वीडिश–स्पॅनिश दुभाष्यांचा साठा बराच मोठा आहे. शिवाय फिनिश इंजिनिअर साधारणपणे उत्तम इंग्रजी बोलतात. पण "इंग्रजी येतं" आणि "उलटतपासणीत इंग्रजीत टिकाव धरेन" यात फरक आहे. साक्ष देणाऱ्याला स्वतःच्या भाषेतच बोलू द्यावं, असं माझं मत. व्यापारी तपशील ठरवणाऱ्यांना इंग्रजीवर भागवता येईल. एकाच बैठकीचे असे दोन भाग पाडले की दुभाष्याचे तास निम्म्यावर येतात.

दिशा आणि साखळी

"फिनिशमधून स्पॅनिशमध्ये" म्हटलं की एक दिशा झाली. स्पॅनिश वकील प्रश्न विचारणार, तो फिनिशमध्ये कोण सांगणार? व्यावसायिक दुभाषी आपल्या भाषांची ए, बी, सी अशी वर्गवारी देतात. ए म्हणजे मातृभाषा, बी म्हणजे जिच्यात तो आत्मविश्वासानं बोलतो अशी दुसरी भाषा, सी म्हणजे जी त्याला पूर्ण समजते पण जिच्यात तो दुभाष्याचं काम करत नाही. स्पॅनिश ए आणि फिनिश सी असलेला माणूस फिनिश ऐकून सुंदर स्पॅनिश बोलेल, पण उलट दिशेनं काम घेणार नाही. वाटाघाटीला दोन्ही दिशा लागतात. तेव्हा प्रोफाइलमध्ये एक ए आणि एक बी आहे का ते आधी बघायचं.

ही जोडी मुळातच दुर्मीळ आहे. फिनिश ही स्पॅनिशच्या कुळातली भाषा नाही. ती युरालिक, तिची नाती एस्टोनियन आणि दूरवर हंगेरियनशी. बोलणारे पन्नास-पंचावन्न लाख. युरोपियन संघात स्पेन १९८६ ला गेला, फिनलंड १९९५ ला, तेव्हापासून ब्रुसेल्समध्ये या जोडीची गरज रोजची आहे. पण तिथेही फिनिश बोलणं अनेकदा आधी इंग्रजीत येतं आणि स्पॅनिश बूथ, म्हणजे काचेआड बसलेले स्पॅनिश दुभाषी, ते इंग्रजीवरून उचलतं. याला रिले म्हणतात.

म्हणून रिले ऐकून नाक मुरडू नका. फिनिश–इंग्रजीचा पेटंटमध्ये मुरलेला दुभाषी आणि इंग्रजी–स्पॅनिशचा तसाच दुसरा, ही साखळी कित्येकदा थेट जोडीपेक्षा सरस पडते. थेट जोडीचा जो माणूस सहज मिळतो, त्याचा हात बहुधा वेगळ्याच कामावर बसलेला असतो.

दक्षिण स्पेनमध्ये, मालागाजवळच्या फुएनखिरोला गावात फिन लोकांची मोठी वस्ती आहे. फिनिश शाळा आहे, फिनिश दुकानं आहेत. थंडीला कंटाळलेले पेन्शनर तिथे घर घेतात. अर्थात तिथे फिनिश–स्पॅनिश दुभाषी भरपूर. घराचं खरेदीखत, दवाखाना, बँक, टाउन हॉलचे कागद यांत ते पक्के. पण त्यांच्यापैकी एखाद्याला "या क्लेममधलं तिसरं वैशिष्ट्य पूर्वज्ञात कलेत उघड झालेलं आहे" असं वाक्य एकदम दिलं तर अडखळणारच (शोधाची हद्द मांडणारं पेटंटातलं कलम म्हणजे क्लेम, आधीच ठाऊक असलेलं तंत्र म्हणजे पूर्वज्ञात कला). रोजचं काम ते नाही. हा दोष त्याचा नाही. तरी यादीत त्यांची नावं ठेवा, कारण भाषा त्यांच्या रक्तात आहे, आणि तयारीला वेळ दिला तर त्यातले काहीजण मोठ्या कामाला उभे राहतात.

शोध कुठे घ्यायचा

कोल्हापूर, पुणे, मुंबईतल्या एजन्सींना फोन करून काही होत नाही असं नाही, पण त्या शेवटी युरोपमधल्याच कुणाला तरी गाठणार आणि मधलं कमिशन ठेवणार. सरळ मूळ याद्यांवर जा. त्या सार्वजनिक आहेत.

फिनलंडमध्ये न्यायालयीन दुभाष्यांची अधिकृत नोंदवही राष्ट्रीय शिक्षण मंडळाकडे असते. नावापुढे भाषा दिलेली असते. अधिकृत भाषांतरकारांची व्यवस्थाही त्याच मंडळाकडे, आणि तिथली अधिकृतता भाषेच्या जोडीपुरती व दिशेपुरती असते: फिनिशमधून स्पॅनिशमध्ये एक, उलट दिशेला दुसरी. याशिवाय एसकेटीएल ही भाषांतरकार-दुभाष्यांची १९५५ पासूनची संघटना आहे. तिथेही शोधता येतं.

स्पेनमध्ये परराष्ट्र मंत्रालय शपथबद्ध भाषांतरकार-दुभाष्यांची यादी भाषावार प्रसिद्ध करतं. त्यात फिनिश "फिनेस" या नावाखाली बघायचं. काही ठिकाणी "फिनलांदेस" असंही लिहितात, दोन्ही शब्द टाकून बघा. ही शपथबद्धता म्हणजे भाषेचा आणि अधिकृत शिक्क्याचा दाखला. माणूस बूथमध्ये बसून एकाच वेळी ऐकत-बोलत दुभाषेपण करू शकतो किंवा पेटंट जाणतो, असा त्याचा अर्थ होत नाही.

तिसरं दार आयिक, म्हणजे परिषद-दुभाष्यांची आंतरराष्ट्रीय संघटना, स्थापना १९५३. तिच्या डिरेक्टरीत भाषा आणि ए-बी-सी वर्ग टाकून शोध घेता येतो, आणि सदस्य गोपनीयतेच्या आचारसंहितेनं बांधलेले असतात. फिनिश आणि स्पॅनिश दोन्ही टाकल्यावर यादी छोटी येईल. त्यातल्या प्रत्येकाला लिहा. जो स्वतः मोकळा नाही तो बहुतेक वेळा सहकाऱ्याचं नाव सुचवतो, आणि या धंद्यात तेच सोन्याचं.

आणि चौथं, माझ्या मते पहिल्यांदा ठोठवायचं दार: दोन्ही देशांतले पेटंट ॲटर्नी. हेलसिंकीच्या ॲटर्नीला विचारा, "स्पेनमधल्या प्रकरणात तुम्ही कुणाला बोलावलं होतं?" माद्रिद किंवा बार्सिलोनाच्या वकिलाला उलट विचारा. दोन्हीकडून एकच नाव आलं तर अर्धा शोध संपला.

दूतावासांकडून फार अपेक्षा ठेवू नका. ते फार तर याद्यांकडे बोट दाखवतात.

इथे स्पॅनिश बाजूची एक खाच सांगायलाच हवी, नाहीतर चुकीचा तज्ज्ञ गळ्यात पडतो. आपण "बौद्धिक संपदा" या एका नावाखाली पेटंट, ट्रेडमार्क, डिझाइन, कॉपीराइट सगळं धरतो. स्पॅनिश कायद्यात "प्रोपिएदाद इन्तेलेक्तुआल" म्हणजे मुख्यतः लेखक-कलावंतांचे हक्क. पेटंट, ट्रेडमार्क, डिझाइन यांना "प्रोपिएदाद इन्दुस्त्रिआल" म्हणतात. कास्टिंगच्या भांडणासाठी मेलमध्ये पहिला शब्द घातलात तर संगीताच्या रॉयल्टीत मुरलेला माणूस मोठ्या उत्साहानं हो म्हणेल.

पहिला मेल

मोघम मेलला मोघम उत्तर येतं. "दुभाषी हवा, रेट कळवा" एवढंच लिहिलं तर चांगले लोक उत्तरच देत नाहीत. मेल इंग्रजीत, पण मजकूर या धर्तीचा असावा:

"भारतातली एक फौंड्री, फिनिश मशीन उत्पादक आणि स्पॅनिश वितरक यांच्यात नोंदणीकृत डिझाइनवरून तडजोडीची बैठक आहे. व्हिडिओवर, एक दिवस, दुपारपर्यंत. फिनिश बोलणारे दोन, स्पॅनिश बोलणारे तीन, दोन्ही दिशा हव्यात. विषय: लोखंडी कास्टिंग, पॅटर्नची मालकी, डिझाइन हक्काचा भंग, लायसन्स. कागदपत्रं सुमारे चाळीस पानं, गोपनीयतेचा करार झाल्यावर दहा दिवस आधी पाठवू. आपण एकत्र काम करता असा सहकारी सुचवाल का? तयारीचा वेळ बिलात स्वतंत्र धरावा."

पक्षांची नावं पहिल्या मेलमध्ये घालू नका. पण हितसंबंध तपासायला दुभाष्याला ती लागतात. त्यानं यापूर्वी समोरच्या कंपनीसाठी काम केलेलं असू शकतं. करारावर सही झाली की पहिली गोष्ट म्हणजे नावं कळवून हे विचारायचं. शेवटचं वाक्य मुद्दाम घातलंय: तयारीचे पैसे देणारा ग्राहक म्हटल्यावर चांगले लोक लगेच लक्ष देतात.

पारख

आपल्याला दोन्ही भाषा येत नाहीत, मग परीक्षा कशी घ्यायची? इथे युरोपियन पेटंटची एक सोय उपयोगी पडते. युरोपियन पेटंट स्पेनमध्ये लागू करायचं तर ते अख्खं स्पॅनिशमध्ये भाषांतर करून द्यावं लागतं. फिनलंडमध्ये निदान क्लेम फिनिशमध्ये द्यावे लागतात. म्हणजे दोन्ही देशांत लागू झालेल्या एकाच पेटंटचे क्लेम फिनिशमध्येही छापलेले असतात आणि स्पॅनिशमध्येही. एस्पासनेट या पेटंटच्या मोफत डेटाबेसवर आपल्या विषयाजवळचं, मोल्डिंगचं किंवा पंपाचं, असं एखादं जुनं पेटंट शोधा आणि दोन्ही देशांच्या पेटंट कार्यालयांच्या नोंदवह्यांतून त्या त्या भाषेतली प्रत काढा. युनिटरी पेटंट, म्हणजे अनेक देशांना मिळून एकच दिलेलं, या कामाला घेऊ नका, जुनंच घ्या.

मग उमेदवाराला वीस मिनिटांचा व्हिडिओ कॉल लावा, त्या वेळेचे पैसे देऊन. फिनिश क्लेम पडद्यावर दाखवा आणि बघून स्पॅनिशमध्ये बोलायला सांगा. स्पॅनिश वकिलाच्या ऑफिसमधला एखादा ज्युनिअर छापील स्पॅनिश मजकूर हातात धरून ऐकेल. शब्दाला शब्द जुळायला हवा असं नाही. क्लेममधला एकही घटक गळता कामा नये आणि "समाविष्ट असलेला" व "एवढ्यानंच बनलेला" यातला फरक पुसला जाता कामा नये, हे दोन निकष पुरेत. पेटंटमध्ये या फरकावर दावे जिंकले-हरले जातात.

कॉलवर मी आणखी एक गोष्ट बघतो. न समजलेल्या शब्दाशी माणूस थांबून विचारतो का? जो थांबतो तो घ्यावा. जो कुठेच न अडता वाहत जातो त्याच्याबद्दल मला शंका येते.

प्रमाणपत्रांत न्यायालयीन दुभाषेपणासाठी आयएसओ २०२२८ हे २०१९ चं मानक आहे. एजन्सीमार्फत गेलात तर त्याबद्दल विचारा. पण कागद कितीही चांगला असला तरी वरचा कॉल टाळू नका.

तयारी: इथेच तज्ज्ञ घडतो

दुभाष्याला कागद द्यायला लोक का कां-कूं करतात ते मला कळत नाही. "तो फक्त बोलणार आहे, त्याला ड्रॉइंग कशाला?" असं ऐकलंय. ड्रॉइंग न बघितलेला दुभाषी म्हणजे प्रिंट न बघता पॅटर्न करायला बसलेला मिस्त्री.

कमीत कमी दहा दिवस आधी द्यायच्या गोष्टी: वादातलं डिझाइन किंवा पेटंट, दोन्ही बाजूंची पत्रं, करारातली लायसन्स आणि मालकीची कलमं, बोलणाऱ्यांची नावं व हुद्दे, आणि शक्य असेल तर भागाचे फोटो किंवा मोबाइलवर काढलेला व्हिडिओ. मोल्ड कसा भरतात, कोअर कुठे बसतो, रायझर कुठे तोडतात, हे तीन मिनिटांच्या व्हिडिओत दिसलं की हेलसिंकीत बसलेल्या माणसाला दहा पानांचं वर्णन वाचावं लागत नाही. व्हिडिओत दुसऱ्या ग्राहकाचा माल दिसत नाही ना, एवढं पाहा.

मग शब्दसूची. तीन रकाने: फिनिश, इंग्रजी, स्पॅनिश. कायद्याचे शब्द कुठून आणायचे? युरलेक्स या युरोपियन कायद्यांच्या संकेतस्थळावर एकच कायदा तीन भाषांत शेजारी-शेजारी उघडता येतो. बौद्धिक संपदेच्या अंमलबजावणीचा २००४ चा निर्देश आणि व्यापारी गुपितांचा २०१६ चा निर्देश असे उघडून ठेवले की नुकसानभरपाई, मनाई हुकूम, भंग, पुरावा हे सगळे शब्द अधिकृत जोड्यांसह मिळतात. एकेका शब्दासाठी युरोपियन संघाचा आयाते हा शब्दकोश. दुभाष्यानं हे करायचंच असतं, पण आपण आपल्या बाजूचे फौंड्रीचे शब्द इंग्रजीत भरून दिले तर त्याचं काम निम्मं होतं.

आपल्या धंद्यात एक शब्द मात्र स्वतः उभं राहून तपासावा असा आहे. फौंड्रीत ज्याला आपण पॅटर्न म्हणतो, तो स्पॅनिशमध्ये "मोदेलो" आणि फिनिशमध्ये "माल्ली". आता कायदा बघा. स्पॅनिशमध्ये युटिलिटी मॉडेल (छोट्या तांत्रिक सुधारणेला मिळणारा, पेटंटपेक्षा कमी मुदतीचा हक्क) याच्या नावात मोदेलो आहे. फिनिशमध्ये डिझाइन हक्क म्हणजे "माल्लिओइकेउस", आणि युटिलिटी मॉडेलच्या नावातही माल्ली. म्हणजे पॅटर्न शॉपमधल्या लाकडी पॅटर्नबद्दल कुणी म्हणालं, "माल्ली आमचा आहे," तर तो लाकडाचा तुकडा मागतोय की नोंदणीकृत हक्क सांगतोय? टूलिंगचे, म्हणजे पॅटर्न वगैरे बनवायचे, पैसे ग्राहकानं दिले म्हणून पॅटर्न त्याचा, हा एक प्रश्न. आकारावरचा हक्क कुणाचा, हा दुसरा. आपल्या बहुतेक वादांत हे दोन प्रश्न आधीच एकमेकांत गुंतलेले असतात, त्यात दुभाष्याकडून आणखी गाठ बसायला नको. शब्दसूचीत दोन वेगळ्या ओळी करा आणि बैठकीत दुभाष्यानं "भौतिक पॅटर्न" आणि "डिझाइन हक्क" असं प्रत्येक वेळी पूर्ण म्हणायचं हे ठरवून टाका. युटिलिटी मॉडेल हा हक्क भारतात नाहीच, त्यामुळे आपल्या माणसांना तो काय ते बैठकीआधी समजावून सांगा. स्पेन आणि फिनलंड दोन्हीकडे तो फार तर दहा वर्षं चालतो.

रिले असेल तर इंग्रजी मधल्या पायरीवर आणखी एक खड्डा आहे. "क्लेम" हा इंग्रजी शब्द पेटंटच्या क्लेमलाही चालतो आणि कोर्टातल्या दाव्यालाही. फिनिश आणि स्पॅनिश दोन्हींत त्यांना वेगळे शब्द आहेत, पण मधून इंग्रजी गेलं की दोन्ही एक होऊन बाहेर पडतात. मधल्या दुभाष्याला सांगून ठेवा: नुसतं क्लेम म्हणायचं नाही, "पेटंट क्लेम" किंवा "लॉसूट" म्हणायचं.

गुपित जपणं

अर्ज दाखल व्हायच्या आधीच्या शोधाबद्दल बोलणं असेल तर गोपनीयतेचा करार पहिल्या कागदाच्या आधी, अपवाद नाही. युरोपमध्ये नावीन्याची अट कडक आहे; बंधनाशिवाय एकदा उघड झालं की पेटंट गेलंच समजा. करार दुभाष्याच्या नावानं व्हावा, नुसता एजन्सीच्या नावानं नको. काम झाल्यावर फाइली नष्ट केल्याचं लेखी घ्या, पण शब्दसूची त्याला ठेवू द्या.

मोफत भाषांतराच्या ॲपमध्ये करार किंवा ड्रॉइंगवरचा मजकूर चिकटवू नका. आपल्या ऑफिसातली पोरं हे सहज करतात, म्हणून तोंडी नव्हे, लेखी सूचना द्या. मजकूर कुठल्या सर्व्हरवर राहतो याची खात्री देता येत नसेल तर तुमचं गुपित "जपलं होतं" हे उद्या कोर्टात दाखवणं अवघड जातं.

न्यायालयात गेलात तर

स्पॅनिश दिवाणी प्रक्रियेत परकीय भाषेतल्या कागदाबरोबर भाषांतर जोडावं लागतं. ते खासगी चालतं, पण समोरच्या बाजूनं पाच दिवसांत आक्षेप घेतला तर अधिकृत भाषांतर करावं लागतं. म्हणून मुख्य पुरावा असलेले कागद सुरुवातीलाच शपथबद्ध भाषांतरकाराकडून करून घेतलेले बरे. बाकी पत्रव्यवहार साध्या भाषांतरावर सोडता येतो. साक्षीच्या वेळी भाषा जाणणाऱ्या कुणालाही शपथ देऊन दुभाषी नेमायची मुभा न्यायालयाला आहे. हे ऐकायला सोयीचं वाटतं. प्रत्यक्षात याचा अर्थ असा की वकिलानं आधी आग्रह धरला नाही तर कोण येईल ते सांगता येत नाही. भारतातून जाणाऱ्या कागदांना अपॉस्टिल (कागद खरा असल्याचा, परदेशात चालणारा सरकारी दाखला) लागेल का, तेही त्याच वेळी विचारून घ्या. भारत, स्पेन, फिनलंड तिन्ही अपॉस्टिलच्या करारात आहेत.

बैठकीची वेळ आणि यंत्रणा

युरोपच्या हिवाळ्यात हेलसिंकी आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे, माद्रिद साडेचार. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत अडीच आणि साडेतीन. हेलसिंकीचे सकाळचे दहा म्हणजे माद्रिदचे नऊ. कोल्हापुरात युरोपच्या उन्हाळ्यात साडेबारा, हिवाळ्यात दीड. फिन लोक अकरा-बाराला जेवतात, स्पॅनिश दोननंतर. मधे कुणीतरी उपाशी राहणार हे धरूनच सुट्टी ठेवा. जुलैमध्ये फिनलंड सुट्टीवर असतं आणि ऑगस्टमध्ये स्पेन, तिथली न्यायालयंसुद्धा. या दोन महिन्यांत दुभाषी मिळाला तरी पक्षकार मिळत नाहीत.

बोलणं चालू असतानाच दुभाषी बोलणार असेल तर दोन दुभाषी लागतात. वीस-तीस मिनिटांनी ते आलटून-पालटून घेतात. एकट्यावर दिवसभर ढकललं तर दुपारनंतर चुका सुरू होतात. वाक्य संपल्यावर बोलणारा दुभाषी असेल तर बैठकीला दुप्पट वेळ धरा. छोट्या वाटाघाटीला मला हीच पद्धत आवडते, कारण विचार करायला उसंत मिळते. व्हिडिओवर भाषेचे वेगळे चॅनल लावता येतात, पण रेकॉर्डिंगमध्ये सगळे चॅनल येतीलच असं नाही, आणि दुभाष्याचा आवाज रेकॉर्ड करायला त्याची परवानगी लागते.

आपल्या बाजूला वायरचा हेडसेट, वायरचं इंटरनेट आणि इन्व्हर्टर. कॉन्फरन्स टेबलावर मधोमध मोबाइल स्पीकरवर ठेवून चौघांनी बोलायचं, ही आपली पद्धत इथे बाद. ब्लास्टिंगचा आवाज येणाऱ्या केबिनमध्ये तर बसूच नका.

करार आणि पैसे

दर सहसा अर्ध्या किंवा पूर्ण दिवसाचा असतो, तासाचा नाही. कोटेशनमध्ये तयारी, चाचणीचा कॉल, जास्तीचा वेळ, रेकॉर्डिंग आणि रद्द केल्यास द्यायची रक्कम वेगळी मागा. तडजोडीच्या बैठका शेवटच्या क्षणी रद्द होतात, तेव्हा रद्द करायचं कलम नीट वाचा. खर्च तिघांत वाटायचा असेल तर दुभाष्याशी करार एकानंच करावा आणि बाकीच्यांनी त्याला भरून द्यावं. मात्र तो तिघांचा तटस्थ दुभाषी आहे, पैसे देणाऱ्याचा माणूस नव्हे, हे बैठकीच्या सुरुवातीला मोठ्यानं सांगायचं.

पैसे आपल्याकडून जाणार असतील तर बिल यायच्या आधीच सीएला कळवा. परदेशी सेवेवर रिव्हर्स चार्जनं, म्हणजे सेवा घेणाऱ्यानंच, जीएसटी भरावा लागतो, आणि टीडीएस कापायचा की नाही हे भारताच्या फिनलंड व स्पेनशी असलेल्या करविषयक करारांवर अवलंबून असतं. त्यासाठी दुभाष्याकडून त्याच्या देशाचा कर-रहिवासी दाखला मागवावा लागतो. तो यायला वेळ लागतो, म्हणून कोटेशन मंजूर करतानाच मागा, आणि बँक चार्जेस कुणाकडे तेही त्याच मेलमध्ये लिहून टाका.